आईचा बटणांचा डबा

कालव्यावरून, चेडलटनजवळ
५ नोव्हेंबर

प्रिय बेरिल,

बरी आहेस ना? गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं आपल्या नेव्हिलकडून कळलं. तुझा व्हिटबीचा पत्ताही त्याच्याकडूनच उकळला. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट चुलीत टाकणार नाहीस, अशी आशा आहे.

आईचं घर एप्रिलमध्ये रिकामं केलं आणि आता मी बोटीवर राहते. कालव्यातली लांबोडकी बोट, रुंदीला आपल्या जुन्या न्हाणीघराएवढी. नाव ‘डिपर’. मला नाव बदलायचं होतं, पण बोट पाण्यात असताना नाव बदललं तर अपशकुन होतो म्हणतात, म्हणून राहू दिलं. घेतली तेव्हा आतून सगळी उखडलेली होती. फळ्यांमागे मेंढीची लोकर भरली, ती एका शेतकऱ्याने फुकट दिली. छतावर सौर पट्ट्या आहेत, कोंबड्यांच्या खुराड्यावरून उतरवलेल्या. बॅटऱ्या कुठल्याशा गोदामातल्या गाडीच्या. शेगडी भंगारातली. संडासाचं विचारू नकोस. बादली आहे, भुसा आहे आणि मनाचा निग्रह आहे.

आपलं चॅपेल बंद झालं, तिथले बाक वाटून टाकत होते. त्यातला एक आणून लांब फळी केली, खिडकीखाली. दोन दिवस बाबांचं सपाटी बघायचं लेव्हल हातात धरून बसले होते. बुडबुडा अगदी मधोमध आणला, मगच स्क्रू आवळले. तेव्हा शेजारच्या बोटीवरचा क्लेम हॅसल दारातून डोकावला आणि हसायला लागला. म्हणाला, “बाई, हे काय चाललंय? बोटीवर लेव्हल?”

मी म्हटलं, “तुमचं काही काम आहे का इथे?”

“नाही बुवा. काम तुझंच वाढतंय.” एवढं बोलून गेला. सत्तरी उलटलेला माणूस, दाढीत पावाचा चुरा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. सारखा ‘काही हवं का’ विचारत येतो, आणि इतका मदतीला येणारा माणूस फुकट येत नसतो.

आणि खरंच, काहीतरी चाललंय. दुकानात तासभर गेले की परत आल्यावर वस्तू जागेवर नसतात. कपाटाचं दार लावून जाते, ते उघडं असतं. आईचा बटणांचा डबा फळीवर खिडकीच्या कडीसमोर ठेवते, तो दोन बोटं मागे सरकलेला असतो. मला उगाच वाटत नाहीये. आता पेन्सिलीने खूण करून ठेवते.

उत्तर चेडलटनच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, ते ठेवून घेतात.

तुझी,
लोर्ना


२१ नोव्हेंबर

प्रिय बेरिल,

तुझं उत्तर नाही. आधी वाटलं, तुला लिहायचं नसेल. मग आठवलं, ते पत्र पेटीत टाकायला मी क्लेमकडेच दिलं होतं. पाय दुखत होते म्हणून दिलं. आता स्वतःच्या मूर्खपणाची चीड येते. हे पत्र मी स्वतः चालत जाऊन टाकणार आहे.

इथे चौदा दिवसांपेक्षा जास्त एका जागी थांबता येत नाही. मी दोर सोडून बोट पुढच्या वळणापलीकडे नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर क्लेमची बोट माझ्या मागे हजर! विचारलं, तर म्हणतो, “माझेही चौदा भरले, बाई. मी काय उडून जाऊ?” दरवेळी याच्याकडे उत्तर तयार. एकदा म्हणाला, “बोट विकायची झाली तर आधी मला सांग.” म्हणजे बघ, डोळा कशावर आहे.

डबा परवा चार बोटं सरकला होता. मी हल्ली तो उशाशी घेऊन झोपते आणि सकाळी पुन्हा फळीवर ठेवते. तो न सरकलेला दिवसही येतो, तेव्हा मला जास्तच भीती वाटते. म्हणजे त्याला हवं ते सापडलं की काय?

डब्यात बटणंच आहेत. बाबांच्या कोटाची, तुझ्या निळ्या स्वेटरची, तू दातांनी तोडलेलं ते एक. कुणाला त्यात काय मिळणार? मीही स्वतःला हेच विचारते.

काल दुपारी आत काम करत होते आणि बोट हलली. कुणी मागच्या टोकावर पाय ठेवला की बोट जराशी कलते, ते लगेच कळतं. इथे न विचारता दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवणं म्हणजे घरात घुसण्यासारखंच. आधी कडेवर टकटक करायची, हाक आली की मगच चढायचं. मी हातोडी घेऊन बाहेर आले. कुणी नव्हतं. नुकतीच एक बोट जोरात गेली होती, तिच्या लाटा काठाला लागत होत्या. पण त्या लाटांआड कुणी उतरून गेलं नसेल कशावरून?

तुला हसू येत असेल. किंवा येत नसेल. तू मला ओळखतेस.

नेव्हिल म्हणतो तू आता फुलांच्या दुकानात असतेस. आजारी माणसांचं करण्यात तुझा हात किती हलका होता.

तुझी,
लोर्ना


२ डिसेंबर

बेरिल,

या वेळी गुडघ्याची चौकशी करत नाही. आधी घडलेलं सांगते, नाहीतर मी पुन्हा बादलीवर आणि भुशावर येईन.

शनिवारी सकाळी कोळशाची बोट आली. जून नावाची बाई ती चालवते. आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा होतो. त्या दिवशी माझा डबा फळीच्या पार टोकाला गेला होता, पडायचाच बाकी. मी तशीच बाहेर आले आणि सगळ्यांसमोर क्लेमला चोर म्हटलं. माझ्या बोटीत शिरतोस, सामान उचकटतोस, पत्रं दाबून ठेवतोस, मला हुसकावून बोट लाटायची आहे तुला. मला थांबताच येईना.

तो लाल झाला नाही, ओरडला नाही. म्हणाला, “चाळीस वर्षं कालव्यावर आहे मी. विचारल्याशिवाय कुणाच्या बोटीवर पाय ठेवला नाही.” मग विचारलं, “पाण्याची टाकी शेवटची कधी भरलीस?”

“त्याचा काय संबंध?”

“सांग तर.”

दहा दिवस झाले होते. टाकी बोटीच्या पुढच्या टोकाला असते, बेरिल. भरली की ते टोक खाली बसतं, रिकामी होत गेली की वर येतं. मी फळी बसवली तेव्हा टाकी काठोकाठ होती. तो म्हणाला, “जमिनीवरची माणसं हीच चूक करतात. बोटीत लेव्हल लावायचं नसतं, गुण्या, म्हणजे काटकोन, धरून भिंतीवरून मापायचं असतं. पाणी रोज कमी होतं, तसा तुझा डबा मागे जातो. इंजिन लावलंस किंवा शेजारून बोट गेली की हादरून आणखी सरकतो.”

माझा विश्वास बसला नाही. मग मी बोट नळापर्यंत नेली, तो काठाने चालत आला. मी समोर उभी होते तरी त्याने कडेवर टकटक केली आणि “येऊ का?” विचारलं. जूनकडून घेतलेलं संत्रं त्याने आतल्या जमिनीवर ठेवलं, ते मागच्या बाजूला गडगडलं. टाकी भरायला तास लागला. त्यानंतर ठेवलं, ते होतं तिथेच राहिलं. कपाटाचं दारही आपोआप लागलं.

क्लेमने फळीकडे बघितलं. “त्या डब्यात आहे तरी काय?”

“बटणं.”

“बटणांपायी मला चोर केलंस?” हसू आणायचा त्याने प्रयत्न केला, पण ते आलं नाही. जाताना म्हणाला, “पत्र मी त्याच दिवशी टाकलं होतं, बाई.”

मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी एकाने क्लेमच्या भीतीने गॅसच्या बाटलीला साखळी लावली. जून, जी क्लेमला नेहमी चहा द्यायची, ती न थांबता पुढे निघून गेली. मी जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं होतं आणि संत्र्याची गोष्ट कुणी बघितली नव्हती. तेव्हा मी एकेक बोट घेतली. सात बोटी. प्रत्येकीच्या कडेवर टकटक केली आणि उभ्याउभ्या सांगितलं, की मी खोटं बोलले, तो चोर नाही. जूनला गाठायला चार मैल चालले.  

डब्यात बटणांखाली कागदाची पुडी आहे. आईच्या झोपेच्या गोळ्या, अठरा. एप्रिलमध्ये घर आवरताना सापडल्या. आई गेली तेव्हा बाटलीत अठराच कमी भरल्या होत्या, तुला आठवतं. मी तेव्हा बाटली मोजली आणि दफनाच्या दिवशी, चॅपेलमध्ये चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत म्हटलं, की बेरिलने आईला जास्त गोळ्या दिल्या. मग ते गावभर झालं, तुला कुणी कामावर बोलवेना आणि तू गेलीस.

आईने त्या घेतल्याच नव्हत्या, बेरिल. द्यायला गोळी उरूच नये म्हणून बाटलीतून काढून पुडीत लपवत होती. मला एकदा म्हणाली होती, “गोळी घेतली की झोप लागते, आणि संध्याकाळी बेरिल येते ती मला दिसत नाही.” मी म्हटलं, म्हातारपणाची बडबड. तिला तुझ्यासाठी जागं राहायचं होतं.

हे मला आठ महिने माहीत आहे. आठ महिने तो डबा कुणी उघडेल या भीतीने मी जगाला चोर ठरवत बसले. मला लाज वाटते, आणि ती पुरेशी नाही हेही कळतं.

नेव्हिलला सगळं लिहिलं आहे. तुझ्या जुन्या कामाच्या ठिकाणी लिहिलं. चॅपेलची जी माणसं उरली आहेत त्यांच्या दारात मी परवापासून जाते आहे. चार घरं झाली. एकीने दार तोंडावर लावलं, ते बरोबरच केलं. उरलेली अकरा ख्रिसमसच्या आत होतील.

डबा पोस्टाने पाठवत नाही. पोस्टावर माझा अजून विश्वास नाही, ही खोड जाता जाणार नाही. तो तुझा आहे, तू येऊन ने. मला क्षमा करायलाच हवी असं काही नाही. नुसता डबा उचल आणि चालू लाग, मी अडवणार नाही.

ख्रिसमसपासून नव्या वर्षापर्यंत मी हेझलहर्स्टच्या वळणावर असेन. हिरवी बोट, मागे क्लेमची. त्याला तुझं नाव सांगून ठेवलं आहे. तू आलीस तर कडेवर टकटक करू नकोस. सरळ पाय ठेव. बोट हलली की मला कळेल.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी तुझी बहीण,
लोर्ना