तिसरा फासा

प्रिय ताबीश,

हरलेल्यांच्या बाजूनं उभं राहणाऱ्या आपल्यासारख्यांची एकच तक्रार होती, आठवतं? पेपरात जिंकणाऱ्याचा फोटो येतो आणि हरणाऱ्याचा फक्त आकडा. हरलेली मुलगी कुठून आली, काय सोडून मैदानात उतरली, हे कुणी विचारत नाही. या एका रागावर आपली मैत्री उभी राहिली. आज तोच राग घेऊन मी तुझ्यासमोर उभी आहे, फरक इतकाच की या वेळी आकडा तू छापलास. पान एक्केचाळीस.

आपल्या चौघांतल्या विरेशनं परवा आपल्या खेळाचं तुझं पुस्तक आणून दिलं. छान छापलंय. मुखपृष्ठावर फक्त तुझं नाव आहे, त्याबद्दल मी एक अवाक्षर काढणार नाही. भाषणं ठोकणाऱ्या बाईला नावाची हाव असते असं तुला वाटत असेल, तर वाटू दे. माझं भांडण वेगळं आहे.

तुझ्या राजेसाबचाचांच्या गोदामात टॉवेलच्या गठ्ठ्यांवर बसून तू मला पहिल्यांदा ते जपानी मांगा दाखवलेस. मी पुस्तक उलटं धरलं होतं. तू पोट धरून हसलास, "बाई, उजवीकडून वाचायचं, उर्दूसारखं!" मी कथा-कादंबऱ्यांवर वाढलेली, चित्रांच्या पुस्तकाला नाक मुरडलं. पण त्या रविवारी मी शाळेच्या एका व्हॉलीबॉल संघाची गोष्ट वाचली. शेवटचा चेंडू हवेत आहे, आणि गोष्ट तिथंच थांबून समोरच्या संघातल्या मुलाच्या घरी जाते. त्याची आई, त्याचे फाटलेले बूट, त्यानं कुणाला दिलेला शब्द. मग चेंडू खाली येतो. कुणीही जिंकलं तरी आपला जीव तुटतो. तू म्हणालास, "याचा खेळ करू. खो-खोचा."

आणि केला आपण. गठ्ठ्यावर फळी टाकून चौघं बसायचो. मैदान कागदावर, धावणं बोलण्यात. प्रत्येकानं एका खेळाडूची भूमिका घ्यायची, दोन फासे टाकायचे. हरायची वेळ आली की आपल्या खेळाडूची एक आठवण सांगायची आणि तिसरा फासा मिळवायचा. तो नियम माझा होता. समोरच्यानं ती आठवण मधे न बोलता ऐकायची, हाही माझाच. तुझा नियम एकच होता, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटला: "टेबल की बात टेबल पेच रहती." टेबलावरचं टेबलावरच राहणार.

एके दिवशी माझी खेळाडू हरत होती. आठवण सुचेना, आणि मी खोटी न सांगता खरी सांगितली. बोलता बोलता मी अडखळत रडायला लागले. तू फासे खाली ठेवलेस, पाणी दिलंस, आणि म्हणालास, "ये खरं है ना?" मी मान हलवली. तुला कळलं होतं. तेव्हा नियमांच्या कागदाखाली तुझा फोन रेकॉर्ड करत होता, हे मला परवा विरेशकडून कळलं. एक्केचाळिसाव्या पानावर, आठवण कशी सांगावी याचा नमुना म्हणून, माझी वाक्यं आहेत. मी जिथं अडखळले तिथं तू टिंबंसुद्धा दिली आहेस.

आता जे तेव्हा मी सांगितलं नव्हतं ते सांगते. ती आठवण माझी नव्हती. ती माझ्या अक्काची, गिरिजाक्काची.

एकवीस वर्षांपूर्वी जिल्ह्याचा अंतिम सामना होता. एका बाजूला आमची भवानी पेठेतली शाळा, दुसरीकडे माढा तालुक्याचा संघ. मध्यंतरात अक्का पाण्याच्या टाकीमागं गेली, तर तिथं समोरच्या संघातली एक मुलगी मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. "आज हरलो तर उद्यापास्नं शाळा बंद. लग्न ठरवलंय अब्बानं." अक्का पाणी न पिताच मागं फिरली. त्या मुलीनं तिला पाहिलंही नाही. शेवटच्या डावात गुण बरोबरीत, वीस सेकंद उरलेली, आमच्याकडून धावायला अक्का एकटी, आणि मागावर तीच मुलगी. अक्का टिकली असती तर जादा डाव झाला असता, आणि जादा डावात आमच्या पोरींना तोवर कुणी हरवलं नव्हतं. खांबाला वळसा घालताना अक्कानं अर्धं पाऊल उशिरा टाकलं. त्या मुलीचा हात पाठीवर पडला. अख्ख्या मैदानाला वाटलं, अक्का दमली.

वर्षभर पेठेत तिला "कच्चा लिंबू" म्हणत होते. ती पुन्हा खेळली नाही. हे तिनं फक्त मला सांगितलं, आणि बजावलं, "त्या पोरीला कळता कामा नये. कळलं तर तिचं जिंकणं तिचं राहणार न्हाय." आणि मी ते एका फाशासाठी सांगून टाकलं. म्हणजे पहिली फितूर मीच. हे मी तुझ्याआधी कबूल करते. पण मी ते चौघांत सांगितलं, रडत. तू ते विकायला काढलंस.

आणि शेवट बदललास! तुझ्या पानावर जिंकलेल्या मुलीला सगळं कळतं, ती धावत येऊन हरलेलीच्या गळ्यात पडते, पानभर अश्रू. वाचकाला गहिवर यावा म्हणून. परवा संध्याकाळी अक्का गणवेशाच्या कारखान्यातून आली, चहा न घेता उभ्यानंच तिनं ते पान वाचलं. मला वाटलं, चिडेल. तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "तिला कशाला रडवलं गं? ती जिंकली होती की." मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, "तू सांगितलंस व्हय?" ताबीश, मी हजार माणसांपुढं न थांबता बोलते. तिच्यापुढं मी होय म्हणून फक्त मान हलवली. परवापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मी गप्पच राहिले असते. पण काल तुझं स्टेटस पाहिलं: शनिवारी मोडनिंब, मुलींची शाळा, तीस मुली, तीस पुस्तकं, आणि खाली बोलावणाऱ्या खेळशिक्षिकेचं नाव. अकबरी मॅडम. अक्का हे नाव दरवर्षी पेपरात शोधते, त्यांच्या संघाचा निकाल बघायला. अकबरी राज्य पातळीवर खेळली, शिकली, शिक्षिका झाली, आणि आज दुसऱ्यांच्या पोरींना मैदानात उतरवते. टाकीमागं रडणारी मुलगी तीच. तू गावाची, माणसांची नावं बदललीस, पण तिचं टाकीमागचं वाक्य जसंच्या तसं ठेवलंस, आणि स्वतःचं वाक्य माणूस एकवीस वर्षांनीही ओळखतो. विकल्या गेलेल्या प्रतींचं आता कुणी काही करू शकत नाही. या तीस अजून तुझ्या घरात आहेत. माफी मागू नकोस, फोन करू नकोस, मुखपृष्ठावर माझं नाव घालू नकोस. त्या पानाच्या मागच्या बाजूला तुझे फाशांचे तक्ते आहेत, तेही जातील. जाऊ देत, तोंडी समजावून सांग. शनिवारी मोडनिंबची गाडी धरण्याआधी ब्लेड घेऊन बस, आणि तीसही पुस्तकांतलं एक्केचाळिसावं पान कापून काढ.

रागावलेली, तरीही तुझीच,
वैजयंती