तात्यांच्या देव्हाऱ्यातला जर्मन

५ फेब्रुवारी १९७३, अणदूर

खोटारडा! बलभीमतात्या साफ खोटारडा!

त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ती धातूची पट्टी आहे — गरुड, स्वस्तिक, खाली संगीन, दोन्हीकडं पानं. गाव म्हणतं, तात्यांचं लढाईतलं बक्षीस. बायका स्वस्तिक बघून हळदकुंकू वाहतात! आज उस्मानाबादच्या वाचनालयात, महायुद्धाच्या जाड इंग्रजी पुस्तकात तेच चित्र. जर्मन बिल्ला! अंगाला अंग भिडवून लढलेले दिवस मोजायचे — पंधराला ब्राँझचा, पंचविसाला रुपेरी, पन्नासाला सोनेरी. म्हणजे शत्रूचा! आणि हाच माणूस मला म्हणतो, "कॉलेज अर्ध्यातनं सोडलेल्याला माझी लेक चांगुणा देऊ व्हय?"

मास्तर मूर्ख होता म्हणून सोडलं. हे कुणी विचारत नाही.

७ फेब्रुवारी

चांगुणा दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या. डोक्यावर टोपलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

९ फेब्रुवारी

रविवारी तिला बघायला ढोकीचे पाहुणे. मुलगा साखर कारखान्यात कारकून. कारकून!

११ फेब्रुवारी

बोललो! भर बैठकीत! कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. मुलाच्या मामानं देव्हाऱ्याकडं बोट केलं, "तात्या, हेच का तुमचं बक्षीस?" तात्यांनी तोंड उघडायच्या आत मी दारातनं ओरडलो — "त्यांचं न्हाय! मेलेल्या जर्मनाचं हाय!"

तात्या उठले नाहीत. "व्हय," म्हणाले. "जर्मनाचंच. इटलीत, एका गोठ्यात, म्याच मारला त्याला. संगिनीनं. माझ्याच उमरीचा हुता. मी कवा म्हणलो माझं हाय? गाव म्हणतंय."

मग देव्हाऱ्यातनं पट्टी काढली, उलटी करून अक्षरांवर बोट फिरवलं. "लढाईत मेलेल्याचा टाक बसवतेत न्हवं, वीर म्हणून? ह्याच्या घरी कोण बसवणार? पडला कुठं ते त्यांना ठावं न्हाय. हे त्याचं नाव. पलटणीतल्या कंपाउंडरनं वाचून दिलं — पीकहाउस. रोज नाव घेतो, पाणी दावतो."

पाहुणे चहा न घेता गेले.

१२ फेब्रुवारी

आज चांगुणा बोलली. वर्षानं! टोपलं खाली टाकून —

"स्थळ मोडलं त्याचं काय न्हाय. पर पंधरा दिवस लढलं की बिल्ला, म्हणत हुतास ना काल गावभर? तात्या एकोणतीस वर्षं झालं लढतेत त्याच्याशी. त्यास्नी कशाचा बिल्ला देतूस?"

गाव एवढी वर्षं खोटं बोललं ते चालतं. मी खरं बोललो तर मी वाईट!

१५ फेब्रुवारी

पुन्हा उस्मानाबाद. तेच पुस्तक. चित्राखालची बारीक ओळ त्या दिवशी घाईत वाचलीच नव्हती. 'मागील बाजूस पीकहाउस, बर्लिन — बिल्ल्याचा नमुना आखणाऱ्या कारागिराचे नाव.'

कारागिराचं! असल्या कितीतरी बिल्ल्यांवर तेच असणार. मेलेल्याचं नाव नाहीच.

१८ फेब्रुवारी

तात्यांनी बोलावून घेतलं. पट्टी माझ्या हातावर ठेवली. "तू शिकलेला हायस. नाव बराबर घेतो न्हवं म्या?" चांगुणा उंबऱ्यात उभी.

"बरोबर, तात्या," म्हणालो. "पीकहाउसच."