निष्कासन, निर्मूलन आणि गुलाबराव

१ नोव्हेंबर, सकाळी ९
आजपासून रोज दोन तास फक्त 'पोतडी'साठी. कॉलेज, घर, मोबाइल, सगळं नंतर.
पोतडीच्या मराठी डॉक्युमेंटेशनची, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणाऱ्या पानांची, सूत्रं आता माझ्याकडे आहेत. तसं कोणी लेखी कळवलेलं नाही. पण आधी हे काम पाहणारे गुलाबराव ऑगस्टमध्ये गेले आणि उरलेल्यांत सोळा वर्षं कॉम्प्युटर शिकवण्याचा अनुभव माझाच आहे. उरलेला मी एकटाच आहे.
बायकोनं, सुचितानं, विचारलं, पोतडी म्हणजे काय. पॅकेज मॅनेजर, म्हटलं. ते काय असते? कॉम्प्युटरमध्ये नवीन प्रोग्रॅम आणून बसवणारा, त्याला लागणारं सामान सोबत आणणारा, आणि नको झाला की काढून टाकणारा प्रोग्रॅम. ती म्हणे, मंग असंच लिहा ना.
डॉक्युमेंटेशनचं तिला कळत नाही.

२ नोव्हेंबर
गुलाबरावांची जुनी पानं वाचली. माणूस चांगला, भाषा बसस्टँडची. साहजिक आहे. लोणारच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, माइकवर गाड्या पुकारण्यात आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकले.
प्रोग्रॅम काढायच्या दोन कमांड आहेत. एकीनं प्रोग्रॅम जातो, पण आपण त्यात साठवलेलं काम राहतं. दुसरीनं कामासकट सगळं जातं. गुलाबरावांनी पहिलीला लिहिलंय 'नुसतं काढा' आणि दुसरीला 'सामानासकट काढा'. असं कुठे असतं?
ठरवलं. पहिली निष्कासन, दुसरी निर्मूलन. कोणतं कोणतं ते लक्षात राहावं म्हणून चिठ्ठी लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवली.
हे पान सोबत बसून करू, एक दिवस लोणारला या, असा त्यांचा जुलैत फोन आला होता. परीक्षा होत्या. तेराव्यालाही जायचं होतं, पण पाऊस फार होता.

५ नोव्हेंबर, सकाळी ७
काल नवीन पान चढवलं. आज त्यावर मेलनं एक टिप्पणी आली आहे. वेळ ६.४०. मजकूर, "समजलं नाही."
पाठवणाऱ्याचं नाव गुलाबराव.
चहा सांडला. की-बोर्डवर नाही, पायावर.

५ नोव्हेंबर, दुपारी १२
कारण सापडलं. सर्व्हरमध्ये कधी कधी जुने मेल अडकून राहतात आणि महिन्यांनी सुटतात. विषय संपला.
पान मी काल लिहिलं, मग त्यावरचा मेल जुना कसा, हा मुद्दा तांत्रिक आहे. सवडीनं बघू.

७ नोव्हेंबर
पुन्हा ६.४०. "निष्कासन केल्यावर माझं काम राहते का जाते? समजलं नाही."
राहते का जाते. फोनवर अगदी असंच बोलायचे.
टिप्पणीशेजारी 'निकाली' असं बटण असतं. दाबलं.

८ नोव्हेंबर
संकल्प : सकाळी आठच्या आत लॅपटॉप उघडायचा नाही. डोळ्यांना चांगलं.
लॅपटॉपवर टॉवेल काऊन टाकला, असं सुचिता विचारत होती. धूळ फार आहे खामगावात.

१० नोव्हेंबर
टॉवेल काढला. तीन टिप्पण्या, तिन्ही ६.४० च्या. एक त्या वाक्याबद्दल, ज्यात मी 'परावलंबित्व-शृंखला' हा शब्द घातला आहे. माझ्या मते हे माझं आजवरचं सर्वांत चांगलं वाक्य. टिप्पणी अशी : "मोठ्यानं वाचून पाहा."
वाचलं. मध्येच दम लागला. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. वळून पाहायचं नाही असं ठरवलं आणि तसाच बसलो, बराच वेळ.
सुचिता होती. कोणाशी बोलून राह्यले, म्हणे.
तिन्ही निकाली.

१२ नोव्हेंबर
कॉलेजला जाताना स्टँडवर लाउडस्पीकर चालू होता. मेहकरमार्गे लोणार, फलाट क्रमांक चार. आवाज गुलाबरावांचा. मी त्यांना कधी भेटलो नाही, पण आवाज ओळखतो. तीन वर्षं फोनवर ऐकला.
आता मागच्या रस्त्यानं जायचं. एक किलोमीटर जास्त पडतं. व्यायाम होईल.
मी घाबरलेलो नाही. तेराव्याला ताप नसता तर जाऊन आलो असतो, आणि मग हे असलं काही मनात आलंच नसतं.

१५ नोव्हेंबर, दुपारी ३
साखरखेर्ड्याहून दीपमालाबाईंचा फोन. शाळेत शिकवतात. मुलांच्या टायपिंगचा प्रोग्रॅम जुना झाला म्हणून काढून नवा बसवायचा होता. आमचं पान उघडलं, निष्कासनासमोरची कमांड अकरा कॉम्प्युटरवर चालवली. जूनपासून मुलांनी लिहिलेलं सगळं गेलं. निबंध, गावाची माहिती, एका मुलीनं आजीकडून ऐकून उतरवलेल्या चाळीस ओव्या.
बाई चिडल्या नव्हत्या. एवढंच विचारत होत्या की परत आणता येईल का, सर.
तपासून सांगतो म्हटलं. येत नाही. तेव्हाच माहीत होतं.

१६ नोव्हेंबर
तपासलं. तक्त्यात दोन कमांडची अदलाबदल झाली आहे. निष्कासनासमोर निर्मूलनाची आणि उलट. शब्द मात्र दोन्ही बरोबर आहेत, हे नमूद करून ठेवतो.
चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीतच उलटं लिहिलं होतं.
सातव्या तारखेची टिप्पणी पुन्हा उघडली. राहते का जाते. त्यावर 'निकाली', खाली माझं नाव.

१७ नोव्हेंबर
काल रात्रीच पान उतरवलं. आता तिथे काहीच नाही. जेवलो नाही. सुचिताला म्हटलं, ॲसिडिटी.
सकाळी ६.४० ला टिप्पणी आलीच. "पान कुठं गेलं?"

१८ नोव्हेंबर
निर्णय घेतला. पोतडी प्रोजेक्टच्या मुख्य लोकांना कळवलं की गुलाबरावांचं खातं तातडीनं बंद करा, सुरक्षेचा प्रश्न आहे. उत्तर आलं, घरच्यांची संमती आणा.
म्हणजे लोणार. सुचिता म्हणे, तेराव्याले नाही गेले, आता तरी जाऊन या. तिला आठवण करून दिली की तेव्हा कॉलेजमध्ये तपासणी होती.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७
जाऊन आलो. जसं घडलं तसं लिहितो.
मेहकरला बस बदलली. स्टँडपासून घर जवळच. दार अन्नपूर्णाबाईंनी उघडलं, गुलाबरावांच्या पत्नी. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, भागवतभाऊ का, या, बसा. मी उभ्या उभ्याच पाऊस, ताप आणि तपासणी अशी तिन्ही कारणं सांगून टाकली.
त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ऊन होतं." आणि पाणी आणायला गेल्या.
टेबलावर गुलाबरावांचा कॉम्प्युटर. सुरू होता. पडद्यावर आमचं रिकामं पान.
विचारलं, हे कोण वापरतं. त्या म्हणाल्या, "मीच. मले जास्त लिहिता येत नाही. 'समजलं नाही' तेवढं लवकर जमते, बाकीचं एकेक अक्षर शोधा लागते." सकाळी ६.४० च्या सुमाराला दूध तापवून झालं की गुलाबराव त्यांना पान मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या समजलं नाही म्हणाल्या की खोडून पुन्हा लिहायचे. एकेक पान आठ आठ दिवस. ते गेल्यावरही नव्या पानांचे मेल त्यांच्या नावानं येत राहिले. नवीन पान आलं, तसं त्यांनी वाचलं आणि समजलं नाही तर तसं कळवलं.
मी विचारलं, मग स्वतःच्या नावानं का नाही.
"त्याइच्या नावानं पाठवलं का तिकडून उत्तर येते. 'गुलाबराव, आपल्या टिप्पणीबद्दल आभार.' मी पाहातो ते. कोणी तरी त्याइले अजून चिठ्ठी लिहून राह्यलं."
ते उत्तर मशीन पाठवतं. 'निकाली' दाबलं की आपोआप जातं. सांगणार होतो.
संमतीचा कागद खिशातच राहिला.
मग त्या म्हणाल्या, आले तसे सांगा, ते निष्कासन काय असते. सांगितलं. समजलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं. नाही. चिडून म्हटलं, अहो, भाड्याची खोली सोडली पण सामान तिथंच ठेवलं, ते हे. आणि सामानासकट सोडली, ते दुसरं.
त्यांनी मान हलवली. "मंग त्याइनं तेच तर लिहिलं होतं."
साडेचारची बस मिळाली. उभ्यानं.

२४ नोव्हेंबर
गुलाबरावांचं जुनं पान जसंच्या तसं परत लावलं. तक्ता चार वेळा तपासला.
दीपमालाबाईंना फोन केला. चूक माझी होती, गेलेलं परत येणार नाही, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलं पुन्हा टाइप करायला बसली आहेत. ओव्यांपैकी सव्वीस त्या मुलीला आठवल्या. बाकीच्या आजीला विचारायच्या तर आजी दिवाळीत वारली.

२६ नोव्हेंबर, सकाळी १०
नवी आवृत्ती आज निघते. प्रोजेक्टवाल्यांनी कळवलं, मराठीचं काम करणाऱ्यांच्या यादीत गुलाबरावांबद्दल एक ओळ टाका. परिभाषा तुमचा विषय आहे, असंही लिहिलं. बरोबरच आहे.
दिवंगत. मग कालवश. मग निवर्तले. मग 'सध्या कार्यरत नाहीत'. हे सर्वांत सुरक्षित वाटलं, पण पुढे 'सध्या'चा अर्थ कोणी विचारला तर? कैलासवासी लिहिलं, खोडलं. एकूण सतरा. शेवटी अन्नपूर्णाबाईंना फोन लावला आणि यादी वाचून दाखवली.
त्यांनी सगळी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "मेले, असं लिहा, भाऊ. समजते सगळ्याइले."

सकाळी ११
लिहिलं. गुलाबराव ऑगस्टमध्ये मेले. तीन शब्द. टाइप करायला पाऊण तास लागला.