तुझं दोन वर्षांचं दूध

आई, मला तुझा राग आलाय. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, आता माझ्या मांडीवर माझी तान्ही मुलगी आहे. इतक्या उशिरा कुणी आईवर रागावतं का, असं नवरा विचारतो. तो पुण्याचा, त्याला प्रत्येक गोष्ट वेळच्या वेळी लागते. मी म्हटलं, रागवायचं कारण परवा कळलं, म्हणून राग परवा आला.

झालं असं, की मुलीचं वजन वाढेना. माझ्या छातीत दोनदा गाठी झाल्या, दुसऱ्या वेळी तर तापानं दात वाजायला लागले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी डब्याची पावडर लिहून दिली आणि मुलगी पहिल्यांदा पोटभर पिऊन झोपली. ती झोपलेली बघून मी रडले आणि ठरवलं, आता डबाच. बाई म्हणाल्या, मग दूध हळूहळू आटव. एकेक पाजणं कमी कर, फार दाटलं तर हलकं वाटण्यापुरतंच पिळ, गार पट्टी ठेव, घट्ट काही बांधू नकोस. ऐकायला सोपं आहे. पण मुलगी डब्याचं पिते हे अंगाला कोण सांगणार? शेजारच्या घरातलं बाळ रडलं तरी मला पान्हा फुटतो आणि कुर्ता भिजतो.

आणि सल्ले तर विचारूच नकोस. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर उंटावरून शेळ्या हाकतात. बाळंतपणाला मावशी आलीय, तुझी धाकटी बहीण, तिचं एकच पालुपद: "अक्कानं गावाच्या पार टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात जाऊन दोन वर्षं पाजलं तुला. दुपारी बस बदलून घरी यायची." हे मी जन्मभर ऐकलंय. कुणाच्याही बारशाला गेलो की तू माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचीस, दोन वर्षं अंगावर प्यालीय, म्हणून अशी धट्टीकट्टी आहे. मला तेव्हा किती अभिमान वाटायचा.

बाईंनी सांगितलं तसं सगळं करूनही दूध कमी होईना. छाती दगडासारखी, कुशीवर वळता येईना. मावशी रोज कॉफीबरोबर डिंकाचा लाडू द्यायची, कमरेला चांगला म्हणून. परवा तो लाडू खाताना दातात काहीतरी अडकलं. काढून बघते तर अळिवाचा दाणा. बाळंतिणीचं दूध वाढावं म्हणून घालतात तो अळीव. इथं मी आटवतेय आणि ही माझ्याच स्वयंपाकघरात बसून वाढवतेय. अर्धा लाडू घेऊन मी तिच्यापुढे उभी राहिले.

"स्वल्पच घातलाय गं," ती भांडी लावता लावता म्हणाली. "लेकराचं आहे ते. अक्का असती तर काय म्हणाली असती?"

"आईनं पाजलं म्हणून मी मरू? मावशी, मला हात लावता येत नाही इतकं दुखतंय."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि स्टुलावर बसली. बराच वेळ पदरानं हातच पुसत राहिली. "अक्कालाही असंच दुखलेलं," ती म्हणाली. "तू इतकीच होतीस आणि तिला कामावर बोलावलं. पीण्याहून दुपारी कशी येणार ती? मीच कोपऱ्यावरच्या फूलवालीकडनं मल्लिगे, आपला मोगरा, आणायची. अक्का ती कापडात घालून छातीला बांधायची, दूध आटायला. इकडच्या कानडी बायका तसंच करतात. तू डब्यावरच वाढलीस. सासरी कळू नये म्हणून डबा तांदळाच्या पिंपामागं असायचा."

"आणि दोन वर्षं?"

"लोकांना काहीतरी सांगायला नको? अक्कानं शपथ घातलेली. इतकी वर्षं सांगून सांगून मलापण ते खरंच वाटायला लागलेलं."

तेव्हा मला शाळेच्या वार्षिकोत्सवाचा दिवस आठवला. वर्गातल्या सगळ्या मुली मल्लिगे माळणार, म्हणून शेजारणीनं माझ्याही वेणीत गजरा माळला होता. तू कामावरून येतेस, मला बघतेस आणि चप्पलही न काढता तो गजरा ओढून काढतेस. हे घरात आणायचं नाही, किती वेळा सांगायचं? मी भोकाड पसरते. मग तू तशीच परत बाहेर जातेस आणि कनकांबराचा गजरा आणतेस, केशरी, बिनवासाचा. ग्रीसनं काळवंडलेल्या बोटांनी किती वेळ पिना लावत बसतेस. मल्लिगेच्या वासानं डोकं दुखतं, असं तू सांगायचीस. या गावात बाई केसांत मल्लिगे माळत नाही म्हणजे काय, असं बायका विचारायच्या, तेव्हाही तू तेच सांगायचीस.

डबा पाजलास म्हणून मी रागावले नाही. पोट भरलंस माझं, उपकारच आहेत. राग या खोट्याचा आहे. ज्या मापानं मला आज घरीदारी मोजतात ते मापच खोटं, आणि ते तू घडवलंस. कारखान्यात तुला दूध पिळायला आडोसा दिला नाही, चार महिने घरी राहू दिलं नाही, आणि वर तूच त्यांची लाज राखलीस. का गं? नणंदांनी वाहवा करावी म्हणून? एकदा मला जवळ घेऊन म्हणाली असतीस, बाळा, मला जमलं नाही, दुखलं फार, तर या महिन्यात मी आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या नसत्या. मला खरी आई पाहिजे होती. तू बारशात मिरवायची आई ठेवून गेलीस.

काल मावशी खाली जाऊन मल्लिगे घेऊन आली. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या हसून म्हणाल्या, बांध, फक्त सैल बांध. लाडू बंद झाल्यापासून दूध ओसरतंय, श्रेय बहुतेक मल्लिगेला जाईल. त्या वासानं डोकं दुखत नाही गं आई. रडू येतं.

हे पत्र पाठवायचं कुठं? घडी घालून कपाटात ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. आज सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. वास घेऊन म्हणाल्या, घरी पूजा आहे काय? मग मुलीचा गाल ओढून त्यांनी विचारलं, दूध पुरतं ना हिला? कुर्त्याच्या आत मल्लिगे ओली लागत होती.

"पुरतं की, आजी," मी म्हणाले. "अंगावरचंच पिते."