हंगामाचं शेवटचं पान

धरणेंद्र भावजी, जय जिनेंद्र.

यांच्या नावाच्या क्रिकेट स्पर्धेत मी बक्षीस द्यावं, मी यांची फार सेवा केली, असं तुम्ही लिहिलंत. तरुणपणी एका फायनलला यांच्या हातून झेल सुटल्यापासून साऱ्या निपाणीला यांना ‘सुटला’ म्हणायला तुम्हीच शिकवलंत. पण तुम्हाला बोलायचा हक्क मला उरलेला नाही.

शेवटच्या आजारपणात मी यांना शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाच्या हंगामाचं पुस्तक मराठीतून सांगत होते. संघ जिंकत गेला, तसे हे उशीला टेकून बसायला लागले. शेवटच्या सामन्यात एका खेळाडूच्या हातून उंच आलेला चेंडू सुटतो आणि सारा हंगाम वाया जातो. मी ते आधीच वाचलं होतं.

“झेलला न्हवं गं त्यानं?” यांनी विचारलं.

यांना इंग्रजी येत नव्हतं. मी ‘व्हय’ म्हणाले असते तरी चाललं असतं. पण सकाळपासून तीनदा चादर बदलून मी वैतागले होते.

“न्हाय. तुमच्यागतच सुटला.”

हे भिंतीकडे वळले. तिसऱ्या दिवशी गेले, तोवर एक शब्द बोलले नाहीत.

हे पत्र टाकायचं धाडस होणार नाही. गुडघे दुखतात, असं फोनवर सांगेन.

तुमची वहिनी,
कांता