महागाईची चौकशी कट्ट्यावर करू नये

नवी पेठ, सोलापूर
ऑक्टोबर १९७४

चि. मल्लिनाथ यास गुरम्माकाकूचा आशीर्वाद.

पोट बरं आहे ना? खानावळीचं आणि तुझ्या पोटाचं कधीच जमलं नाही. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते दोघं आहेत, एकमेकांना सोबत तरी करतात.

दिवाळीला येत नाहीस, कारण बँकेच्या कॉम्प्युटरला लोकांच्या मनातली महागाई भरवायची आहे, हे कळलं. देशात पैसा आवळायचा की सैल सोडायचा, ते म्हणे त्यावर ठरणार. म्हटलं, यंत्राचं पोट लवकर भरलं तर पोराला सुट्टी मिळेल. म्हणून तू पत्रात लिहिलेले प्रश्न घेऊन शेजारणींना घरात बोलावलं. (चहा गुळाचा. साखरेचं नाव काढू नकोस.) पुढे भाव काय होतील विचारलं, तर सगळ्या म्हणाल्या, उतरणार! तेल उतरणार, ज्वारी उतरणार. मथुराबाईंनी तर लुगडीही स्वस्त केली. मी खूश. मग उंबऱ्याबाहेर पाय पडताच मथुराबाई म्हणाल्या, "घरात वंगाळ बोलू न्हाय बाई, वास्तू तथास्तु म्हणती. खरं इचारता व्हय? आवंदा तेल बघायला मिळायचं न्हाय!"

मग सगळे प्रश्न पुन्हा दारापुढच्या कट्ट्यावर बसून विचारले. तिथे वास्तूला ऐकू जात नाही, पण समोरच्या तिप्पण्णा वाण्याला जातं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सगळ्या एका सुरात 'तेल मिळणार नाही' म्हणाल्या, आणि आपलंच बोलणं ऐकून घाबरून डबे आणायला पळाल्या. तिप्पण्णाने उरलेलं तेल आत नेलं आणि भाव चढवून बाहेर आणलं. जाब विचारला तर म्हणतो, "तुमीच सांगितला की काकू, मी नुसतं ऐकलो!"

वाचनालयातून अर्थशास्त्राचं पुस्तक आणून पाहिलं. त्यात मागणी आहे, पुरवठा आहे. वास्तू आणि कट्टा कुठेच नाही. तुझ्या यंत्राला एवढं सांग, की महागाई घरात विचारली तर लोक खोटं सांगतात आणि बाहेर विचारली तर खरी करून दाखवतात.

तुझी,
गुरम्माकाकू

ता. क. बायका माझ्याशी बोलत नाहीत. चकल्यांना तेल नाही. येताना एक डबा आण.

आणखी ता. क. 'येताना' हे चुकून लिहिलेलं नाही. तुझे काका गेल्यापासून या घरात मोठ्याने बोलायचं कारण पडत नाही. वास्तूचीही सवय मोडली असेल. तरी काल दिवेलागणीला मधल्या खोलीत उभी राहून स्पष्ट म्हटलं, "मल्लू दिवाळीला येणार." थोडी थांबले. काही ऐकू आलं नाही. पण तुझे काकाही 'हो' कधी मोठ्याने म्हणत नसत.