गाडीतला दुधाचा डाग

५ एप्रिल, रविवार
गाडी आणली. केळझरच्या एका दूधवाल्याची, जुनी. आईच्या किमोसाठीच घेतली. पुलगावहून सावंगीच्या दवाखान्यात एसटीनं जायचं अन् येताना खिडकीतून ओकत यायचं, हे तिच्यानं आता होत नाई. पुढचा किमो २० ले.
इंजिन मस्त. पण तिच्या सीटसमोर गालिच्यावर दुधाचा हा एवढा डाग, अन् दाराचं प्लास्टिक कॅननं खरडलेलं. आई बसली, दार लावलं, लगेच उघडलं. "नासलं रे काहीतरी." मले तं फारसा वास आला नाई.

६ एप्रिल
बादलीभर सर्फचं पाणी ओतून ब्रशनं घासलं. डाग फिका पडला. खुशीत घरात गेलो. गालिच्याखाली लोकरीच्या थरासारखा जाड नमदा असते हे काय मले माहीत? सारं पाणी त्यानं पिलं.

७ एप्रिल
वाळवाले गाडीच्या दाराशी कूलर लावला अन् ड्युटीवर गेलतो. पंप बंद करायचा राह्यला. दिवसभर गाडीत थंडगार ओली हवा. येऊन पाह्यलं तं गालिचा कालच्यापेक्षा ओला. सुजाता म्हणे, "आता धान लावा." बायको हाये, बोलन.

९ एप्रिल
वास आता मलेही येते. सीट कव्हरवाला म्हणे, "भाऊ, नमदा सडला. फेकून द्या." फेकला. नवा टाकला, गालिचाही नवा. आईले दाखवला. "छान हाये," म्हणे. आत बसली नाई.

१२ एप्रिल, रविवार
दाराच्या ओरखड्यांत पहिल्याच दिवशी आईच्या शालीचे धागे अडकले होते. पॉलिश पेपर मारला, मंग सीट कव्हरवाल्याची गरम हवेची मशीन आणली. म्हटलं, ओरखडे वितळून बसतीन. जास्तच वितळले. खड्डा पडला, वरून चकाकते. अन् जळक्या प्लास्टिकचा नवा वास. सुजाता हसली. मी जेवलो नाई. उगीचच.

१४ एप्रिल
जयंती. दरवर्षी विहारात वंदना आईच घेते. पांढरं पातळ नेसून तयार झाली. म्हटलं, गाडीनं सोडतो. चारी काचा खाली केल्या. चौकापर्यंत गेलो अन् "थांबव." उतरली. सुजाताच्या हाताले धरून पायीच निघाली. मी मागून पहिल्या गिअरमध्ये रिकामी गाडी घेऊन. लोक पाहून राह्यले होते. वंदना दुसऱ्या बाईनं घेतली. आई मागच्या खुर्चीवर, ओठ हलत होते फक्त.

१७ एप्रिल
आज गालिच्याले नाक लावून बसलो. काही नाई. सुजाताले लावाले लावलं. काही नाई. तरी पुन्हा लिंबू अन् सोडा घेऊन घासाले बसलो. आई ओट्यावरून पाहत होती.
"गाडीच्या मांगं काऊन लागला रे? मले भाताचाही वास येते. सुजाताच्या तेलाचा येते. औषधानं झालं ते."
मी ब्रश ठेवला.
"तुह्या आंगाचाही येते. तू जवळ बसला का श्वास धरून ठेवा लागते."
म्हटलं, "मंग आधी काऊन नाई सांगितलं?"
"तू घासत होता. तेवढंच तुले बरं वाटे."
मंग थोड्या वेळानं, "सोमवारी मी येत नाई सावंगीले. झालं तेवढं पुरे झालं."
रागावलो असतो तं बरं झालं असतं. रडू आलं, तेही गाडीआड जाऊन.

१९ एप्रिल, रविवार
कालपासून बिनसाबणाची आंघोळ. डोक्याले तेल नाई. जेवाले आईपासून दूर बसतो. सुजाता तिले समजावते, मी आंगणातून आयकतो. आई नुसतं हूं म्हणते. ते हो नाई अन् नाईही नाई.

२० एप्रिल, सोमवार
सकाळ. गाडी दारात लावली. सुजाता आत फाइल शोधून राह्यली. आई लुगडं बदलून ओट्यावर येऊन बसली हाये. गाडीकडं पाहत नाई. येते म्हणत नाई, नाई येत म्हणत नाई. मी गाडीपाशी उभा राहून हे लिहून राह्यलो.
हात धरल्याबिगर तिले उठता येत नाई. अन् मी जवळ गेलो का ती श्वास धरते.